पायाचे माप कोण घेणार?



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा विडी कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळवला तो पादत्राणांच्या ऑनलाइन दुकानाची नवी मांडणी कशी असावी, हा. चालकांपैकी एका गृहस्थांनी फोन करून दोनदा खात्री करून घेतली. त्यांचेही बरोबर आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सोलापूरच्या वाचनालयांत आणि युनियनच्या कचेरीत. संगणकाची विद्या आम्ही शिकलेलो नाही. परंतु गेली तीस वर्षे आम्ही एक काम सातत्याने केले आहे. एखाद्या व्यवस्थेत तोटा कोणाच्या पदरात पडतो ते शोधायचे, आणि तो त्याच्याच पदरात का पडावा असे विचारायचे. हे काम गिरणीत जसे करता येते तसे मोबाईलवरच्या दुकानातही करता येते, असा आमचा अनुभव आहे. तो आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम ज्या प्रसंगाने आम्ही या विषयाकडे ओढलो गेलो तो सांगितला पाहिजे. आमच्या युनियनमधील एक अक्का पूर्व भागात राहतात आणि घरी विड्या वळतात. दोन वर्षांपूर्वी जूनच्या आरंभी त्यांनी आपल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी शाळेचे काळे बूट मोबाईलवरून मागवले. दोन दिवसांच्या विड्यांची मजुरी त्यात गेली. चौथ्या दिवशी खोके आले. उघडले तर आत नुकते चालू लागलेल्या बाळाला बसतील एवढेसे बूट! अक्का खोके घेऊन कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, "काय हो अण्णा, मी चारच नंबर दाबला होता. तुम्हीच वाचा." आम्ही वाचले. खोक्यावर चारच नंबर होता. मुलीच्या जुन्या बुटावरही चारच नंबर होता. दोन्ही बरोबर होते, आणि तरीही मुलगी अनवाणी राहिली होती.

पुढे बदलून घेण्याचा प्रयत्न झाला. सारे इंग्रजीत. बदलून मिळणार नाही, परत करा आणि पुन्हा मागवा, असे उत्तर आले. न्यायला येणारा मुलगा दोनदा आला तेव्हा अक्का विड्या जमा करायला कारखान्यात गेलेल्या होत्या. तिसऱ्यांदा भेट झाली. पैसे रोख दिलेले असल्यामुळे परतीसाठी बँकेचे खाते हवे होते, ते मिळायला आणखी दिवस गेले. तोपर्यंत शाळा सुरू झाली होती. मुलगी आठवडाभर चपला घालून गेली आणि आठवडाभर वर्गाबाहेर उभी राहिली. दुकानाचे नाव आम्ही सांगत नाही, शाळेचेही नाही. दोष एका दुकानाचा असता तर व्याख्यानाची गरजच नव्हती.

आता हा चार नंबरचा घोटाळा काय आहे ते पाहू. आपल्याकडे बुटांचे जे नंबर चालतात ते इंग्रजांनी आणले. या पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. इंग्रज लोक जवाच्या दाण्याने लांबी मोजत, तीन दाण्यांचा एक इंच, त्याचा हा अवशेष आहे. मोजणी पायाची नसून ज्या लाकडी साच्यावर बूट बांधतात त्या साच्याची असते, आणि ती चार इंचांपासून सुरू होते. तेथून मुलांचे नंबर तेरापर्यंत चढतात. तेरा संपले की चौदा येत नाही, पुन्हा एक येतो, आणि मोठ्यांची मालिका सुरू होते. म्हणजे चार नंबर दोन आहेत. मुलांच्या चाराचा साचा साडेपाच इंचांच्या आतबाहेरचा, आणि मोठ्यांच्या चाराचा साडेनऊ इंचांहून थोडा अधिक. दोहोंमध्ये वीतभर नसले तरी चार बोटांहून जास्त अंतर आहे. बारा वर्षांची मुलगी नेमकी या दोन मालिकांच्या सांध्यावर उभी असते. युरोपची पद्धत आणखी निराळी, तेथे एक नंबर सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाचा. काही खोक्यांवर तिन्ही देशांचे आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात आणि ग्राहकाने त्यांतून आपला पाय ओळखून काढायचा असतो.

शिवाय हे साचे आपल्या पायांवरून बनलेले नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय यंत्राने मोजले. भारतीय पाय युरोपीय व अमेरिकन पायापेक्षा रुंद आहे, असे त्यात दिसून आले. बूट रुंदीला आवळतो म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, मग तो लांबीला ढिला होतो आणि टाच घासते. या मोजणीवरून 'भा' नावाची भारतीय नंबरपद्धती सुचवण्यात आली आहे. ती सर्वत्र रूढ होईल तेव्हा होवो. तोपर्यंत सात नंबर म्हणजे निश्चित किती, याचे उत्तर दुकानागणिक बदलते हे धरून चालावे लागेल.

मग पूर्वी कसे चालत होते? पूर्वी दुकानात माणूस होता. नव्या पेठेतल्या किंवा टिळक चौकातल्या दुकानात आपण जात असू, तेव्हा तेथला नोकर खाली बसून आपला पाय हातात घेई, लाकडी पट्टीवर टाच टेकवून सरकती खुंटी अंगठ्याला लावी, आणि बूट घातल्यावर पुढून अंगठ्याने दाबून पाही. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या गृहस्थाने १९२० च्या दशकात लांबी, रुंदी व चवडा एकाच वेळी मोजणारे धातूचे साधन काढले, ते अजून तिकडच्या दुकानांत दिसते. साधन कोणतेही असो, माप घेण्याची जबाबदारी दुकानाची होती. ऑनलाइन दुकानाने पहिली गोष्ट केली ती ही की, हा माणूस काढून टाकला. दुसरी गोष्ट केली ती ही की, त्याचे काम गुपचूप गिऱ्हाइकाकडे सोपवले. पगार वाचला तो दुकानाचा, आणि चूक झाली तर ती अक्कांची. आमच्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. दुकानाची नवी मांडणी म्हणजे रंग बदलणे आणि चित्रे मोठी करणे नव्हे. काढून टाकलेल्या त्या माणसाचे काम पानावर कोण करणार, याचे उत्तर देणे म्हणजे नवी मांडणी.

या विद्येला 'वापरकर्त्याचा अनुभव' असे म्हणतात. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या आरंभी अ‍ॅपल कंपनीत असताना हा शब्द रूढ केला. वस्तू हाताळताना माणसाला जे जे घडते ते सारे, म्हणजे वस्तू सापडण्यापासून ती बिघडल्यावर काय होते येथपर्यंत, यात यावे असा त्याचा अर्थ आहे. पुढे हा शब्द पुष्कळ ठिकाणी नुसत्या बटणांच्या रंगापुरता उरला. परंतु मूळ अर्थ धरला तर अक्कांची मुलगी वर्गाबाहेर उभी राहिली तो आठवडादेखील त्या दुकानाच्या अनुभवातच मोडतो.

आता आमचा संबंध कसा आला ते सांगतो. आपल्याच शहरातील एका पादत्राणविक्रेत्याने आपले ऑनलाइन दुकान नव्याने मांडायला घेतले होते. त्याच्याकडे काम करणारी तीन तरुण मुले एका ओळखीच्या कार्यकर्त्यामार्फत कचेरीत आली. "काका, तुमच्या युनियनमधल्या बायका मोबाईलवर खरेदी कशी करतात ते आम्हाला नुसते बघू द्या," असे म्हणाली. आम्ही अट घातली की, बायकांच्या बुडालेल्या वेळेची मजुरी द्यावी लागेल, कारण बसून राहिलेला तास म्हणजे न वळलेल्या विड्या. मुलांनी मालकाला विचारून ती अट मान्य केली. चार बायका आल्या, त्यांत त्या अक्काही होत्या. याकोब नील्सन नावाच्या अभ्यासकाने २००० साली असे मांडले की, पाचच माणसांना वापरताना नीट पाहिले तरी मांडणीतले बहुतेक दोष उघड होतात. आमच्याकडे चारच होत्या, तरी दोष मोजता मोजता मुलांची वही भरली.

मुलांनी प्रथम पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर पेन्सिलीने स्क्रीन काढल्या. बाई ज्या चौकोनावर बोट ठेवील त्याप्रमाणे पुढचा पुठ्ठा समोर सरकवायचा. आम्हाला ही पोरकट गंमत वाटली. परंतु पुठ्ठ्यापुढे बायका मोकळ्या झाल्या. खऱ्या मोबाईलवर काही चुकले की "आपल्यालाच जमत नाही" म्हणून त्या गप्प बसत. पुठ्ठ्यावर मात्र एकीने पेन्सिल मागून घेतली आणि म्हणाली, "हे खाली कशाला, वर काढा की."

ही पुठ्ठ्याची युक्ती कोठून आली म्हणून आम्ही नंतर वाचत गेलो, आणि आमच्या आश्चर्याला पार राहिला नाही. ही युक्ती कामगार चळवळीतली निघाली. १९७० च्या सुमारास नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टेन नीगोर या संगणकशास्त्रज्ञाला हाताशी धरून कारखान्यात येणाऱ्या संगणकांचा अभ्यास केला. हे यंत्र आमच्या कामाचे काय करणार ते आम्हाला समजले पाहिजे आणि त्यात आमचे म्हणणे चालले पाहिजे, ही त्यांची मागणी होती. १९७५ साली तेथील कामगार व मालकांच्या मध्यवर्ती संघटनांत याबद्दल करार झाला. पुढे १९८१ पासून स्वीडन व डेन्मार्कमधील संशोधकांनी छापखान्यातील कामगारांच्या संघटनेबरोबर 'युटोपिया' नावाचा प्रकल्प चालवला. वर्तमानपत्राची पाने जुळवणाऱ्या कारागिरांना भावी यंत्र कसे हवे हे सांगता यावे म्हणून लाकडाच्या व पुठ्ठ्याच्या खोक्यांची खोटी यंत्रे उभारली, आणि कामगारांनी त्यांवर काम करून दाखवत आपले म्हणणे मांडले. ज्याला वापरायचे आहे त्याने आखणीत बसावे, हा विचार आज मोठमोठ्या कंपन्या आपला म्हणून मिरवतात. तो कामगारांच्या मागणीपत्रातून आलेला आहे, हे या व्यासपीठावरून सांगताना आम्हाला आनंद वाटतो.

तर त्या चार बायकांनी काय दाखवून दिले? पहिली गोष्ट मापाची. पानावर नंबरांची यादी होती आणि तिच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत मापाचा तक्ता होता. तक्ता एकीनेही उघडला नाही. अक्का म्हणाल्या, "नंबर विचारू नका. वय विचारा, नाहीतर पाय किती ते विचारा." त्याप्रमाणे नव्या पानावर पहिला प्रश्न असा केला की, बूट कोणासाठी, लहान मुलासाठी, शाळेतल्या मुलासाठी की मोठ्या माणसासाठी. त्या एका प्रश्नाने दोन चारांचा घोटाळा मिटला. मग पाय मोजण्याची रीत चित्रांनी दिली. संध्याकाळी मोजावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. भिंतीला टाच लावून कागदावर सरळ उभे राहावे, बसू नये. सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी, ते बोट अंगठाच असेल असे नाही. दोन्ही पाय मोजावे आणि मोठा धरावा. भिंतीपासून खुणेपर्यंतचे सेंटिमीटर लिहावे. नंबर काढून देणे दुकानाचे काम. ज्या घरात मोजपट्टी नाही तेथे सुतळीने मोजून ती मुलाच्या शाळेच्या पट्टीवर धरावी, हीसुद्धा सूचना आम्ही घालायला लावली. रुंद पायासाठी कोणता बूट चालेल आणि कोणता चालणार नाही हे प्रत्येक जोडापुढे स्पष्ट लिहिले.

दुसरी गोष्ट भाषेची. पूर्व भागात घरात तेलुगू, बाजारात मराठी व कन्नड, मोहल्ल्यात उर्दू, आणि मोबाईलवर मात्र इंग्रजी! मुलांनी मराठी पाने केली तेव्हा प्रथम यंत्राकडून भाषांतर करून घेतले. त्यात बुटाच्या जिभेला खरोखरच 'भाषा' म्हटले होते, कारण इंग्रजीत जिभेला आणि भाषेला एकच शब्द आहे. बायका खूप हसल्या. मग बायकांनीच शब्द दिले. तळ, टाच, पट्टा, बंद, चावतो, घसरतो. 'चावतो' हा शब्द दुकानाच्या पानावर लिहायला मालक कचरत होता. परंतु बूट पहिले चार दिवस चावेल हे आधी सांगितले तर गिऱ्हाईक धीर धरते, आणि सांगितले नाही तर दुसऱ्या दिवशी जोड परत येतो, हे त्याला पटले.

तिसरी गोष्ट किमतीची आणि फसव्या युक्त्यांची. पानावर "फक्त २ जोड शिल्लक" असे तांबड्या अक्षरांत चमकत होते. गोदामात माल भरपूर होता. शेवटच्या पायरीवर टोपलीत बुटाच्या पॉलिशची डबी आपोआप येऊन बसत होती. पहिल्या पानावर एक किंमत आणि पैसे भरताना 'सुविधा शुल्क' मिळवून दुसरी. असल्या युक्त्यांसाठी आता कायदा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ प्रकारांची यादी दिलेली आहे. खोटी घाई लावणे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणे, थेंबाथेंबाने किंमत वाढवणे, नाही म्हणणाऱ्याला लाजवणे, हे सारे तिच्यात आहे. त्याआधीचे २०२० चे ई-कॉमर्सचे नियम सांगतात की, एकूण किंमत फोड करून दाखवावी, वस्तू कोणत्या देशात बनली ते सांगावे, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव द्यावे, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याच्या आत ती निकालात काढावी. दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे, तो श्रोत्यांनी लिहून घ्यावा. करही समजून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावरील जोडावर १८ टक्के. विक्रेत्याला आम्ही ही कलमे वाचून दाखवली तेव्हा तांबडी अक्षरे त्याच आठवड्यात गेली.

आता चौथी गोष्ट, परत करण्याची. येथे आम्हाला थोडे थांबावे लागेल. अमेरिकेत १९९९ साली निघालेल्या झॅपोस या ऑनलाइन बूटविक्रेत्याने जाण्यायेण्याचा खर्च न घेता माल परत घेण्याची प्रथा पाडली आणि ३६५ दिवसांची मुदत दिली. लोकांचा विश्वास बसला तो त्यामुळे. पुढे तीच प्रथा सर्वत्र झाली, आणि लोक दोन नंबर मागवून एक परत करू लागले. गिऱ्हाइकाला ते फुकट वाटते. परंतु जगात वाहतूक फुकट नसते. परत येणारा जोड दोनदा रस्ता चालतो, दोनदा जिने चढतो, आणि ते जिने चढणारे पाय कोणाचे तरी असतात. खोके उघडले गेले, तळाला धूळ लागली, की तो जोड नवा राहत नाही. मोठा विक्रेता तो तोटा लहान पुरवठादाराच्या बिलातून कापतो आणि पुरवठादार कारागिराच्या मजुरीतून.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीला हे नव्याने सांगावे लागत नाही. तिच्या धंद्यात याला 'छाट' म्हणतात. तिने दिवसभर बसून वळलेल्या विड्यांतून कारखान्याचा माणूस काही विड्या खराब म्हणून बाजूला काढी. त्या विड्यांची मजुरी मिळत नसे, आणि पानतंबाखू तर मालकाने दिलेलीच असे. पान मुळात वाळलेले होते का, तंबाखू कमी तोलली होती का, हे कोणी विचारीत नसे. दोष पाल्यात असला तरी दंड हाताला. या छाटीविरुद्ध पुष्कळ लढे झाले, आणि १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात कच्चा माल देण्याविषयीचे व छाटीविषयीचे तंटे सोडवण्याची स्वतंत्र तरतूद करावी लागली. परत आलेला बूट ही आजची छाट आहे, असे आम्ही म्हणतो. माप पानाने चुकीचे सांगितले, आणि दंड कारागिराला व पोचवणाऱ्याला.

म्हणून परत करणे अवघड करा, असा याचा अर्थ आहे काय? मुळीच नाही. काही दुकाने हा उपाय करतात. परतीचे बटण चार पाने आत दडवतात, कारणे विचारतात, फोन उचलत नाहीत. त्याने तोटा अक्कांच्या अंगावर ढकलला जातो, एवढेच. उपाय एकच. परत करणे सोपे ठेवायचे, आणि परत करण्याची वेळ येऊ नये एवढे खरे आधी सांगायचे. नव्या मांडणीत परत देण्याचे बटण मागणीच्या पानावर वरच ठेवले. कारण विचारायचे ते एकच, आणि उत्तरेही ठरलेली, मोठा झाला, लहान झाला, आवळतो, चित्रासारखा नाही. ही उत्तरे जोडापुढे मोजून ठेवायची. एखाद्या बुटाबद्दल 'आवळतो' असे पुष्कळ जणांनी सांगितले की पानावर आपोआप "रुंद पायाला एक नंबर मोठा घ्या" अशी सूचना यावी. म्हणजे एका अक्काच्या पायाला झालेला त्रास दुसऱ्या अक्काच्या उपयोगी पडतो. न्यायला येणाऱ्याची वेळ गिऱ्हाइकाने निवडायची. त्यात 'संध्याकाळी सहानंतर' हा पर्याय हवा, कारण दुपारी विडी कामगार स्त्री घरी सापडेलच असे नाही, आणि रिकाम्या फेरीचे पैसे बहुधा त्या मुलाला मिळत नाहीत.

या ठिकाणी एक इशारा देतो. हल्ली मोबाईल पायावर धरला की बूट घातल्यासारखा दिसतो, अशी सोय काही दुकाने देतात. दिसायला ती मनोरंजक आहे. परंतु पादत्राणांच्या व्यापारात असला चमत्कार एकदा होऊन गेला आहे. १९२० च्या दशकापासून अमेरिका व युरोपातील बुटांच्या दुकानांत क्ष-किरणांची पेटी ठेवत. मुलाने बूट घालून पाय आत सरकवायचा, आणि वरच्या काचेतून त्याची हाडे बुटात कशी बसली आहेत ते आईने पाहायचे. पोरे हट्टाने तेथे जात. त्या किरणांचा धोका हळूहळू ध्यानात आला, आणि १९५७ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने त्या पेट्यांवर बंदी घातली, पुढे इतरांनीही. लाकडी पट्टी जे सांगत होती त्याहून फारसे अधिक ती पेटी सांगत नव्हती, विक्रीला मात्र तिची मदत होई. आणि किरण सर्वांत जास्त काळ कोणी सोसले? दिवसभर त्या पेटीशेजारी उभ्या राहणाऱ्या नोकराने. मोबाईलमधल्या चित्राने असा अपाय होत नाही हे खरे. तरी बूट पायावर कसा दिसतो हे दाखवणे आणि पायाला कसा बसतो हे सांगणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मालकाने ती सोय विकत घेण्याचे ठरवले होते. मुलांनी ते पैसे नीट छायाचित्रे काढण्यावर खर्च करायला लावले. तळ उलटा करून, टाच मागून, आणि पट्टीशेजारी ठेवून.

पाचवी गोष्ट बनवणाऱ्याची. येथे आपल्या जिल्ह्याचा थेट संबंध येतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी आहे. सोलापूर त्यात आहे हे सोलापुरातल्या किती जणांना ठाऊक आहे? या चपलेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांत कमावतात, तळाचे थर कातड्याच्या वादीने शिवतात, आणि वेणी घालण्याचे व शिवण्याचे बरेचसे काम स्त्रिया घरी बसून करतात. अशी चपल प्रथम कडक असते, करकरते, चावते, मग पायाचा आकार घेते. ती किंचित आवळ घ्यावी लागते आणि पाण्यात घालू नये. ऑनलाइन दुकानात यांतले काहीच लिहिलेले नसते. तिच्याच शेजारी रेक्झिनची चपल 'कोल्हापुरी' याच नावाने निम्म्या किमतीला उभी असते, आणि चित्रात दोन्ही सारख्या दिसतात. गिऱ्हाईक स्वस्त घेते, पावसाळ्यात ती उलते, आणि नाव बद्दू होते ते कारागिराचे.

जून २०२५ मध्ये इटलीतील प्रादा या कंपनीने मिलान शहरातील प्रदर्शनात याच घाटाच्या चपला नुसते 'चामड्याचे सँडल' म्हणून दाखवल्या तेव्हा केवढा गहजब झाला, हे आपल्याला आठवत असेल. कंपनीला या चपलांचे मूळ भारतीय कारागिरीत आहे हे कबूल करावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये तिने महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, आणि सुमारे ८०० युरो किमतीचे दोन हजार जोड येथे बनवून घेण्याचे जाहीर झाले. मिलानच्या दुकानदाराला नाव विसरल्याबद्दल आपण जाब विचारला, हे योग्यच झाले. परंतु आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये रोज जे विसरले जाते त्याचा जाब कोणी विचारायचा? महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाने २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलांसाठी क्यूआर कोडची सोय केली. तो वाचला की चपल कोणी, कोठे व कशाची बनवली ते कळते. आमचे म्हणणे इतकेच की, हा कोड खोक्यावर राहू नये, त्यातली माहिती विकत घेण्यापूर्वी दुकानाच्या पानावर दिसावी. 'कोल्हापुरी' हे नाव मानांकन असलेल्या जोडालाच द्यावे, बाकीच्यांना 'कोल्हापुरी घाटाची, रेक्झिनची' असे स्वच्छ लिहावे. आमच्या विक्रेत्याने ते लिहिले. रेक्झिनची विक्री त्याने थांबवली नाही, आणि आम्हीही तसे म्हटले नाही. गरिबाला स्वस्त चपल हवी असते. तिचे नाव खरे असावे, एवढेच मागणे होते.

सारेच साधले असे मात्र नाही. जोडाच्या किमतीतले कारागिराला किती मिळतात हेही पानावर लिहा, असे आम्ही सुचवले. मालक हसला आणि म्हणाला, "कॉम्रेड, ते लिहिले तर मी दुकान कशाला चालवू?" त्यावर आमची व त्याची बोलणी अजून चालू आहेत. पोचवणाऱ्या मुलाच्या रिकाम्या फेरीचा प्रश्नही सुटलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात अशा कामगारांचा पहिल्यांदाच उल्लेख आहे. उल्लेखातून हक्क काढणे हे आमच्यापुढचे काम. दुकानाचे पान कितीही चांगले केले तरी ते काम पानाने होणार नाही, आणि तसा दावा कोणी करू नये.

व्यापारी बंधू येथे बसले असतील तर ते विचारतील, याने धंदा वाढतो का? आम्ही व्यापारी नाही, आकडे आमच्यापाशी नाहीत. आम्ही एवढेच पाहिले की, गेल्या जूनमध्ये अक्कांनी पुन्हा बूट मागवले, आणि या खेपेला त्याच दुकानातून. कचेरीतल्या कागदावर मुलीला उभे करून खूण केली, पट्टीने मोजले, तेवीस सेंटिमीटर आणि वर थोडे. कोणासाठी, या प्रश्नाला 'शाळेतल्या मुलीसाठी' हे उत्तर निवडले. नंबर दुकानाने काढला. खोके शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी आले. मुलीने बूट घातले, फरशीवर चार पावले टाकली आणि पाठ वळवून निघाली. अक्का म्हणाल्या, "अगं, काढून ठेव. शाळेला घाल." तिने काही काढले नाहीत.

पायाचे माप घेणारा तो माणूस दुकानातून गेला आहे, तो परत येईल असे आम्हाला वाटत नाही. पण त्याचे काम गेलेले नाही. ते कोणावर टाकायचे हे दुकान मांडणाराने ठरवायचे असते, आणि ठरवताना ज्याचा पाय आहे त्याला, ज्याचा हात आहे त्याला आणि जो जिने चढतो त्याला शेजारी बसवायचे असते. आपल्या ओळखीत कोणी असे दुकान मांडत असेल तर त्याला आमच्या कचेरीत पाठवा. पुठ्ठे आम्ही जपून ठेवले आहेत.